दिवा उजवीकडे

अर्जात एक रकाना होता: कोणता हात?
एकोणीस वर्षांच्या सोलांज पेरनूनं
पेन डाव्या हातातून उजव्यात घेतलं
आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, ‘उजवा’.

ल लोक्ल. ज्युरा डोंगरातलं गाव.
नोव्हेंबरपासून बर्फ, आणि भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त,
कारण घड्याळवाल्यांना उजेड लागतो.
कारखान्यात सगळी टेबलं एकाच बाजूची:
दिवा डावीकडून, खण उजवीकडे,
चिमटे, बेन्झीनची वाटी, सगळं उजवीकडे.
त्यांच्या भाषेत डावा म्हणजेच धांदरट.
आपण तरी कोण मोठे?
डावलणं हा शब्द आपण कुठून आणला?

शाळेत कुणी तिचा हात बांधला नव्हता,
आईनंही कधी टोकलं नाही.
भीती तिची तिनंच विणली, नोकरीच्या मापाची.

बावीस वर्षं.
उजव्या हाताला तिनं शिकवलं
पाहुण्या मुलाला घरच्या रीती शिकवाव्यात तसं:
केसाहून बारीक स्प्रिंग श्वास न सोडता उचलायची,
वेढे मोजायचे, ठेवायची.
तो शिकला. हळूहळू, पण शिकला.
‘सावकाश, पण चोख’ असं दर डिसेंबरात
दुब्वासाहेब तिच्या कागदावर लिहीत,
आणि पगारही तसाच वाढे, सावकाश.
डावा हात एप्रनच्या खिशात.
घरी मात्र पाव कापायला तो, मांजराला तो,
आणि शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर
जुन्या बाजारातून किलोनं आणलेली
मेलेली घड्याळं उघडायला तो.
पडदे ओढून.
पडदे कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग फेब्रुवारीतला एक मंगळवार.
कुणा नोटरीच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ,
स्प्रिंगचा गुंता, दोन कारागिरांनी हात टेकलेले.
ती वाकली. भिंगात गुंता मोठा होत गेला,
खोली लहान होत गेली,
आणि चिमटा या हातातून त्या हातात कधी गेला
ते चिमट्यालाच ठाऊक.
चार मिनिटं.
स्प्रिंग सुटली, छोट्या छातीसारखी
वरखाली होऊ लागली.
तेव्हा तिला कळलं की पाठीमागे
बुटांचा आवाज थांबलाय.

दुब्वासाहेब. निवृत्तीला आठ महिने.
त्यांनी हाताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं,
पुन्हा हाताकडे.
बावीस वर्षांचा खुलासा तिच्या जिभेवर आला,
आणि ते म्हणाले,
‘मग दिवा उजवीकडे घ्यायला हवा. सावली पडतेय.’
एवढंच.
दुपारी सुतार आला, चार स्क्रू काढले, चार लावले,
जाताना भुसा फुंकून गेला.

गोष्ट इथंच थांबती तर सोयीचं झालं असतं.
पण शेजारच्या ल्युदिवीनचा उजवा कोपर
आता सोलांजच्या डाव्या कोपराला लागतो,
दिवसातून दहा वेळा. ती म्हणते, ‘असू दे.’
ते ‘असू दे’सारखं ऐकू येत नाही.
आणि डावा हात, तो खराखुरा,
बुधवारी चक्क थरथरला.
घरच्या टेबलावर त्याला बघायला कोणी नव्हतं.

उजवा मांडीवर पालथा पडून असतो.
अंगठ्याला घट्टा, नखावर चिमट्याची रेघ,
पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा
साडेसातलाच तयार.
खोटा होता का तो?
डाव्यानं कापलेला प्रत्येक पाव
त्यानंच तर कमावलेला.

सोलांज काम करता करता
त्याच्याकडे एकदा बघते.
मग त्याला
घड्याळ धरायला देते.